एकमेव नमुना

"हा चादरीवरून तूच उचललास ना?" संग्रहालयाच्या प्रमुखांनी भिंगावरून डोळा न काढता विचारलं.

"हो," ती म्हणाली.

उत्तर जरा जास्तच पटकन आलं, असं तिचं तिलाच वाटलं.

टाचणीवरचा भुंगेरा बोटाच्या पेराएवढा होता. मिशा मात्र अंगाच्या दुपटीहून लांब. पाठीच्या कडक झाकणांवर तीन राखाडी पट्टे, मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक काटा. चार महिने ती देशोदेशीच्या संग्रहांतल्या नमुन्यांशी त्याला ताडून पाहत होती. असा दुसरा कुठेच नव्हता. खालच्या चिठ्ठीवर जंगलाचं नाव, तारीख आणि तिचं नाव.

ते जंगल खाणीसाठी तुटणार होतं. शुक्रवारी सुनावणी होती. जंगलाच्या बाजूने लढणाऱ्या वकीलबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "झाडं बघून कोर्टाला पाझर फुटत नाही. जगात फक्त तिथेच राहतं असं काहीतरी छापील दाखवा, मग मी बोलते."

"एकच नमुना," प्रमुख म्हणाले. "मला धाकधूक वाटते."

"मलाही, सर."

"चुकलीस तर माझंही नाक कापलं जाईल." त्यांनी सही केली. तिचा शोधनिबंध गुरुवारी छापून येणार होता.

तिने एकच गोष्ट सांगितली नव्हती. जंगलात किडे यावेत म्हणून पांढऱ्या चादरीमागे दिवा लावून बसलेली असताना तिला हा भुंगेरा दिसलाच नव्हता. तो दिसला घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, धुऊन वाळवायची म्हणून ती चादर उचलताना. पण चादर जंगलातली, म्हणजे किडाही जंगलातला. यात खोटं काय होतं?

घरी बाबांना सांभाळणाऱ्या मावशींनी तिला दारातच गाठलं. "ताई, आज पुन्हा. पलंगाखाली पिवळी पूड. गोळ्या कुस्करून टाकतात आजोबा. वर मला तोंड उघडून दाखवतात, घेतली म्हणून."

"झाडून टाकलीत ना?"

"रोजच झाडते."

गोळ्या पिवळ्याच होत्या. बाबा पस्तीस वर्षं कारखान्यात फिटर होते. दुपारी पलंगावर पडले की म्हणायचे, कोणीतरी कानस घासतंय. डॉक्टरांना त्यात नवल वाटलं नव्हतं. आयुष्यभर ऐकलेले आवाज म्हातारपणी परत येतात, ते म्हणाले. गोळ्या चुकवल्या तर वाढतील.

ती बाबांच्या दारात उभी राहिली. बाबा खुर्चीत बसले होते. पलंगावर झोपायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

"ये. तुला एक गंमत दाखवायची आहे."

"शुक्रवार होऊ दे, बाबा."

"परवाही हेच म्हणालीस. तोवर वेड नाही लागलं मला, तर दाखवीन."

दादाचा फोन आला तेव्हा ती छपाईच्या प्रती तपासत होती.

"पलंगावर झोपत नाहीत म्हणे? बंदरावरच्या लिलावातून आणलाय मी तो! परदेशी लाकूड! राजासुद्धा झोपेल."

"राजाला बोलाव मग."

"मस्करी सोड. माझ्या बघण्यात एक जागा आहे. नर्स असतात, दाराला कुलूप असतं. शनिवारी गाडी घेऊन येतो."

"कुलूप? दादा, बाबा तिथे महिनाभरसुद्धा टिकायचे नाहीत."

"मग एकच सांग. गोळ्या खातात की टाकतात? खात असतील तर राहू देत तुझ्याकडे. टाकत असतील तर मी काही ऐकणार नाही."

"बघते," ती म्हणाली. पण पुढचे दोन दिवस तिने प्रतींखेरीज काहीच बघितलं नाही.

गुरुवारी निबंध आला. शुक्रवारी दुपारी वकीलबाईंचा फोन.

"स्थगिती मिळाली! तुमच्या एवढ्याशा किड्याने खाण अडवली. आता अंतिम निकालापर्यंत एकाही झाडाला हात लागणार नाही. फक्त तो दुसरीकडे कुठे सापडू नये म्हणजे झालं. खाणवाले टपूनच बसलेत."

फोन ठेवून तिने छापून आलेला निबंध पुन्हा उघडला.

शनिवारी सकाळी दादा आला. बाबांची बॅग बाहेरच्या खोलीत ठेवून तो मावशींना पुडीबद्दल खोदून खोदून विचारू लागला. ती आत गेली आणि बाबांच्या पलंगावर बसली. कित्येक महिन्यांनी.

"झाला ना शुक्रवार?" बाबांनी विचारलं.

त्यांनी उठून गादीचा कोपरा वर केला. खालच्या फळीला लंबगोल भोकं होती, पटाशीने आतून कोरल्यासारखी. कडेला पिवळी, बारीक पूड.

"कान लाव," बाबा म्हणाले. "आत कानस चालते बघ."

तिने कान लावला. आत काहीतरी लाकूड कुरतडत होतं.

मग त्यांनी उशीखालून गोळ्यांची रिकामी डबी काढून तिच्या हातात दिली. आत चार भुंगेरे होते. तीन राखाडी पट्टे. मानेला दोन्ही बाजूंनी एकेक काटा. एकाची लांब मिशी अजून हळूहळू हलत होती.

"महिन्याभराने एखादा निघतो. पहिला तुझ्या त्या पांढऱ्या चादरीवर जाऊन बसला होता. म्हटलं, दिसेलच तुला." बाबा मिश्कील हसले. "आता सांग तुझ्या दादाला, म्हातारा गोळ्याही खातो आणि शुद्धीवरही आहे."

दादा दारात येऊन उभा होता.

"काय आहे त्या डबीत?"

तिने झाकण घट्ट लावलं.

"गोळ्या," ती म्हणाली. "एकही खाल्लेली नाही."