लायकीचं काम

“मेंढरं राखायचीच लायकी तुझी!” सगळ्या ऑफिससमोर असं सुनावून शिवराजसाहेबांनी अंगदला काढलं आणि त्याच तिरमिरीत त्याचं लॉगिनही स्वतःच्या हातानं उडवलं.

रविवारी लाइट गेली. सोमवारी डेटाबेस सर्व्हर सुरूच होईना. तो अंगदच्याच लॉगिननं सुरू व्हायचा, आणि ती सगळी मांडणी एकट्या त्यालाच ठाऊक होती. बिलं निघेनात, गेटवर ट्रक तुंबले. शेवटी साहेबांनीच फोन लावला.

“अंगदराव, झालं गेलं विसरा. गाडी पाठवतो, लगेच या.”

दौलताबादच्या डोंगराखाली बापाची मेंढरं चारत बसलेला अंगद गालात हसला.



“येतो की साहेब. फक्त त्या गाडीत तुम्ही बसून या. मी सर्व्हर चालू करून येईस्तोवर ही मेंढरं तुम्ही राखा.”