पिलांचा वाटा

मादागास्करच्या दक्षिणेत दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. चोरांच्या पोत्यांतून सोडवलेली कासवांची पिलं बचाव केंद्रात हाओवा सांभाळत होती. कोमट पाण्यात बसवून ती त्यांना किसलेला भोपळा भरवायची. तरी पिलं वाढेनात, एकेक मान टाकू लागलं.

"अगं हाओवा, रोज एवढा भोपळा येतो, यांच्या अंगी कसा लागत नाही?" डॉक्टर रानैवोंनी विचारलं.

"जीवच नाजूक, साहेब," खाली बघत ती म्हणाली.

मग काही दिवस ती आलीच नाही. परतली, आणि पंधरवड्यात उरलेली पिलं तरारली.

"बघ! माझ्या औषधाला गुण आला की नाही?" डॉक्टर खूश झाले.

"आला, साहेब."



कमरेच्या फडक्यात अर्धा भोपळा लपवून ती रोज जिच्यासाठी न्यायची, ती लेक आता राहिली नव्हती.