दौलतचा हात

"तुटलेला बोल्ट दौलतच काढणार. तो जेवून येईपर्यंत मी थांबतो," म्हणत गिऱ्हाईक ठोंबरेअण्णा गॅरेजात आपल्या गाडीच्या इंजिनाच्या हेडशेजारी बसले. त्याच गॅरेजात केस पिकलेल्या तुळशीरामच्या पोटात दुखलं.

"दौलतला काय शिंगं फुटलीत?" तो फणकारला. हेडात अडकलेल्या तुकड्यावर त्याने नट ठेवला, तो हलू नये म्हणून हाताला लागेल त्या पान्याने धरला आणि वेल्डिंग मारलं. घाईत पानाही नटाला कायमचा चिकटला!

तरी त्याने जोर लावला. करकरत बोल्ट बाहेर आला, पान्यासकट.

"बघा अण्णा! कुणी काढला?"

अण्णांनी पाना उलटसुलट करून पाहिला. दांड्यावर नाव कोरलं होतं: दौलत.

"तरीच म्हटलं!" अण्णा खूश झाले. "शेवटी हात त्याचाच लागतो."