कूलरचं बटण
मे महिन्याच्या दुपारी द्वारकेतलं घर नुसतं भाजून निघत होतं. नीरज अनवाणीच बाल्कनीत गेला आणि चालू कूलरमध्येच पाइपने पाणी भरू लागला. पाणी सांडून फरशी ओली झाली. कूलरच्या पत्र्याला त्याचा हात लागला तो तिथेच चिकटला, आणि त्याच्या तोंडून नुसताच घोगरा आवाज येऊ लागला. त्याची बायको क्षिप्रा स्वयंपाकघरातून धावत आली. ती त्याला ओढणार, इतक्यात सात वर्षांची सुखदा किंचाळली, "मम्मा, टच नको करूस! बाबाला करंट लागलाय!" क्षिप्रा जागीच थबकली. तोवर सुखदाने खोलीतल्या भिंतीवरचं कूलरचं बटण बंद केलं होतं. नीरज धपकन खाली बसला. तळहात भाजला होता, पण तो शुद्धीवर होता. क्षिप्राने शेजारच्या डॉक्टरांना फोन लावला आणि लेकीला विचारलं, "अगं, तुला हे कुणी शिकवलं?" "बाबानेच, संडेला. आधी बटण बंद करायचं, मग माणसाला हात लावायचा." नीरज कसाबसा हसला. "आणि शिकवणारा स्वतःच विसरला बघ," तो म्हणाला. क्षिप्राने त्याला घट्ट धरलं. सुखदा मात्र दोन्ही हात पाठीमागे घेऊन दारातच उभी होती. "तू का लांब?" नीरजने विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला. "बाबा, आता हात लावू?" "बिल्कुल लाव," तो म्हणाला, आणि ती धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली.