धुतलेले रुमाल

रुमालांवर बुरशी दिसली आणि दफ्तरखान्यात नव्याने आलेल्या रसायनतज्ज्ञ साखळकरबाईंना चैन पडेना. मोडी कागद बांधलेले सहाशे रुमाल त्यांनी सोडवले, धुवायला पाठवले आणि कागद कोऱ्या पेट्यांत ठेवले.

आठवड्याने निंबोरे आजोबा आले. "बाई, रुमाल नंबर तीनशे बारा. गावतळ्याची सनद आहे त्यात. उद्या कोर्टात दाखवली नाही, तर बिल्डर तळं बुजवणार."

बाईंनी शिपायाला विचारलं, "कदममामा, नंबर कुठे असतो?"

"रुमालावरच, शाईनं लिहिलेला." मामांनी शुभ्र गठ्ठा पुढे केला. "पण परटानं डाग एकही ठेवला नाही हं."

आजोबांचा चेहरा उतरला. "सनद धड आहे ना?"

"अगदी," बाई हळूच म्हणाल्या. "पुढची पाचशे वर्षं तिला काहीसुद्धा होणार नाही."