डावे फूल

कुऱ्हाडी येऊन पोहोचल्या होत्या, पण एकही उचलली जात नव्हती.

देवराईच्या तोंडाशी तोडीची माणसे उकिडवी बसली होती. खालच्या पाड्यांतली, ओळखीचीच माणसे. दामोदरशेट ठेकेदाराने त्यांना आधी जास्त मजुरीचे आमिष दाखवले, मग सरकारी हुकमाचा धाक घातला. माना खाली घालून ती एकच सांगत राहिली, "शेट, कौल नाय झाला."

डोळखांबच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत असलेल्या या गावात नांगराला दांडा हवा असला तरी आधी देवाला विचारीत. दगडाच्या देवाला कुड्याची दोन ओली फुले चिकटवायची. उजवे आधी पडले तर होकार, डावे पडले तर नकार. नकार आला की माणूस निमूट घरी जाई.

लढाईबद्दल मात्र या गावाला कुणी विचारले नव्हते. दिल्लीतल्या कुणा साहेबाने एके दिवशी देश लढाईत उतरल्याचे जाहीर केले, आणि समुद्रापलीकडचे भांडण या डोंगरातले झाले. आधी रॉकेल गेले. मग कापड गेले. सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत भात गेले. मग देवजी भगताचा मुलगा नामा गेला. हिरडा विकायला शहापूरच्या बाजारात उतरला, तो भरतीवाल्यांबरोबर परस्पर पलटणीत गेला. घरी फक्त निरोप आला. आता सरकारची माणसे झाडांसाठी आली होती.

देवजी देवाच्या दगडाला टेकून बसला होता. त्याच्या मागे ऐनाच्या मुळ्यांतून झरा वाहत होता, वैशाखातही गार.

"झाडं गेली का झरा गेला," तो म्हणाला. "झरा गेला का आमी कुठं जावं, शेट?"

दामोदरशेटने वहाणा काढल्या. देवाला हात जोडले आणि तो देवजीशेजारी जमिनीवर बसला. त्याचा आवाज काकवीसारखा गोड होता.

"देवजीदादा, तुमचा नामा पलटणीत आहे ना? तिकडे एक मोठी नदी आहे. आपली पोरं पलीकडच्या काठावर अडकली आहेत आणि दुश्मन पाठीशी आहे. हे लाकूड त्या नदीवरच्या पुलाचं आहे. पूल झाला तर पोरं परत येतील. नाही झाला तर..."

पुढचे त्याने ऐकणाऱ्यावर सोडले. असे सोडून देण्याचा त्याला सराव असावा.

बायकांच्या घोळक्यात देवजीची बायको बाईजा उभी होती. नामा गेल्यापासून ती फारसे बोलत नसे. ती पुढे आली.

"लावा कौल," ती म्हणाली.

देवजीने झऱ्यात हात धुतले. कुड्याची दोन पांढरी फुले ओली करून देवाला लावली. आयुष्यभर त्याने गाऱ्हाणे गावासाठी घातले होते. आज त्याच्या तोंडून शब्द निघाले ते निराळेच. "देवा, माझा पोर नदीपल्याड हाय. हो म्हण."

उजवे फूल हलले, पण थांबले. डावे फूल सुटले आणि दगडावरून घरंगळत मातीत आले.

तोडीच्या माणसांनी सुटकेचा श्वास घेतला. एकाने कुऱ्हाड खांद्यावर टाकून घरची वाटही धरली. देवजी मात्र मातीतल्या फुलाकडे पाहत राहिला. त्याच्या छातीत काहीतरी पेटत गेले. ज्या साहेबावर हा संताप निघायला हवा होता, तो साहेब त्याने कधी पाहिला नव्हता. समोर होता तो देव.

त्याने डावे फूल उचलले, झऱ्यात बुडवले आणि होते तिथे पुन्हा चिकटवले. मग उजवे फूल चिमटीत धरून उपटले आणि खाली टाकले.

"झाला कौल," तो म्हणाला. "चालवा कुऱ्हाडी."

"देवजी," म्हातारी धोंडीबाई म्हणाली, "देवानं नाय म्हटलं रे. सगल्यांनी बघितलं."

"त्याला म्हनाया काय जातंय?" देवजी ओरडला. "त्याचा पोर गेलाय का लढाईवर?"

कौल सांगायचा तो भगताने, आणि भगतच झाला म्हणत होता; घरची वाट धरलेला माणूसही मागे वळला. पहिला घाव ऐनावर पडला.

लाकडाने भरलेल्या बैलगाड्या शहापूरच्या रस्त्याने गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात झरा बारीक झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आटला. गाव देवजीशी बोलेनासे झाले. बायका टेकडी उतरून खालच्या ओहोळातून पाणी आणू लागल्या आणि त्याच्या दारावरून जाताना मुद्दाम हंडे आपटू लागल्या. तो ते ऐकून घेई. पूल बांधला जात असेल, एवढेच त्याला पुरे होते.

लढाई संपली. वैशाखातल्या एका दुपारी नामा आला. वाळून काडी झालेला, पण हातीपायी धड. घरात न शिरता तो आधी देवराईकडे वळला. देवजी त्याच्या मागोमाग धावला. बोडक्या टेकाडावर एकटा दगड तापत होता. नामा त्याच्यामागे गुडघ्यांवर बसला आणि कोरड्या गोट्यांवरून हात फिरवू लागला.

"बा, झरा कुठं हाय?"

"झाडं दिली, झरा गेला," देवजी म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याची मान ताठ होती. "जाऊ दे. तुमच्या नदीवर पूल झाला ना? तू आलास ना?"

नामाने वर पाहिले.

"कसली नदी, बा? आमी होतो तिथं नुसती रेती. घसा सुकून जीव जायाला लागला का मी डोळं मिटायचो आन् ह्यो झरा बघायचो."