उरलेला दरवाजा

भंगारातून आणलेली गाडी वर्षानुवर्षं खपून उभी केली आणि शेवटी विकली, पण तिचा एक दरवाजा घरीच राहिला. गाडीला मी नवा बसवला होता, हा ड्रायव्हरच्या बाजूचा मूळचा. भिंतीला घासून रंग जाऊ नये म्हणून शेडमध्ये तो आतली बाजू भिंतीकडे करून टेकवला होता.

गाडी गेली आणि दरवाज्याच्या काचेवर वाफ धरायला लागली. मी फडक्याने पुसली, पण ती जाईना. वाफ भिंतीकडच्या बाजूने होती.

"भिंतीला ओल आली असेल," बायको म्हणाली. मी हात फिरवून पाहिला. भिंत ठणठणीत कोरडी होती. तेव्हापासून बायको शेडमध्ये कपडे वाळत घालेनाशी झाली.

मिळेल त्या भावात ब्याद टळू दे म्हणून मी गॅरेजवाल्याला बोलावलं. तो भर दुपारी आला आणि खाली बसून दरवाज्याची गंजलेली कड नखाने खरवडू लागला.

"शेठ, काच खालीवर होते ना? जरा फिरवून दाखवा."

फिरवायचं हँडल आतून, भिंतीकडे. त्या फटीत हात घालायचा मला धीर होईना.

तेवढ्यात काच करकरत खाली यायला लागली.

"बास, बास," मान वर न करताच गॅरेजवाला म्हणाला. "आता वर घ्या."

काच थांबली. मग सावकाश वर चढली.

त्याने मान उचलली. माझे दोन्ही हात छातीशी आवळलेले होते.

आणि भिंतीकडून, आतलं लॉक खटकन लागलं.